‘या वयात चालायचंच’

माझ्या आत्याने भाकरी थापायची सोडली आणि ती पोळपाटावर लाटायला लागली, तेव्हा आम्ही घरात तिची चेष्टा केली. कराडच्या आमच्या घरात जन्मभर काठवटीत भाकऱ्या बडवलेली बाई. ‘आत्या, शहरी झालीस की!’ असं मीच म्हणाले होते. ती हसली. तेव्हा ती 64 वर्षांची होती. पिठाच्या उंड्यावर हात आपटला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, हे आम्हाला फार नंतर कळलं. दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी सूज होती. सकाळी उठल्यावर दहा-साडेदहापर्यंत मूठ वळत नव्हती. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरायची, बाहेर थंडी असल्यासारखा. मे महिन्यातसुद्धा. हे सगळं रोज आमच्या समोर चाललं होतं, पण बघत कुणीच नव्हतं, कारण आमच्याकडे उत्तर आधीच तयार होतं. वय झालं.

डॉक्टरांकडेही तेच उत्तर होतं. रक्ताच्या तपासणीत इएसआर 58 आला. इएसआर म्हणजे अंगात कुठेतरी दाह चालू आहे का, हे ढोबळमानाने सांगणारा आकडा. ‘वयाप्रमाणे थोडा वाढतोच. या वयात सांधे दुखायचेच. कॅल्शियम घ्या, वजन उतरवा.’ आता गंमत बघा. वयाबरोबर इएसआर वाढतो हे खरंच आहे, आणि किती वाढला तर चालेल याचा एक जुना, सोपा हिशेब वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. बाईच्या वयात 10 मिळवा आणि दोनाने भागा. 64 अधिक 10 म्हणजे 74, त्याचे निम्मे 37. आत्याचा होता 58. हा हिशेब करायला कागदही लागत नाही. तो कुणी केला नाही आणि 14 महिने गेले.

तिला होता ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. पण घरात, दुकानात, जाहिरातीत एकच शब्द चालतो, संधिवात, आणि सगळी गफलत तिथूनच सुरू होते. एक संधिवात झिजेचा. गुडघ्यातली गादी झिजते, चाललं की दुखतं, बसलं की बरं वाटतं, दिवस चढेल तसा त्रास वाढतो. हा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. दुसऱ्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटते. त्याची गत नेमकी उलटी. रात्रभर विश्रांती घेऊनही सकाळी बोटं तास-तास आखडलेली असतात आणि हालचाल केली की जरा मोकळी होतात. बहुतेकदा दोन्ही हातांना सारखीच सूज येते, बोटांच्या मुळाशी आणि मधल्या पेरांवर. इंग्रज डॉक्टर गॅरड यांनी 1859 मध्ये या आजाराला वेगळं नाव दिलं, ते इतर सांधेदुख्यांपासून तो निराळा काढता यावा म्हणूनच. त्याला दीड शतक उलटून गेलं तरी आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो आणि पोत्यावर लिहितो ‘म्हातारपण’.

यात तुमचा काय संबंध, असं फोनवर हे वाचताना वाटलं असेल तर थांबा. हा आजार मुळात म्हाताऱ्यांचा नाहीच. तो बऱ्याचदा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. तुमच्या वयाच्या मुलीने बोटं सुजल्याची तक्रार केली की तिला काय ऐकवतात? ‘या वयात कसला संधिवात? मोबाइल कमी वापर.’ पंचविशीत सांगितलं तर वय बसत नाही म्हणून आजार नाही, आणि पासष्टीत सांगितलं तर वय बसतं म्हणून आजार नाही. मग या आजाराने यायचं तरी कोणत्या वयात?

पुण्याजवळचं भिगवण आता फ्लेमिंगोंच्या फोटोंमुळे सगळ्यांना माहीत आहे. पण संधिवाताच्या अभ्यासात ते नाव त्याआधीच जगभर गेलं होतं. 1996 मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांना विचारलं, काय दुखतं, किती दिवसांपासून. जवळजवळ पाचातल्या एकाला सांधे-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं. आमवात सापडला साधारण अर्ध्या टक्क्याला. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोनशे मोठी माणसं असलेल्या वाडीत असा एक माणूस निघणार. त्या एकाची अडचण अशी की बाकी पस्तीस-चाळीस जणांनाही काही ना काही दुखतच असतं. त्यांच्या गर्दीत तो हरवतो, आणि त्याला गर्दीतून बाहेर काढणारे तज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत बसतात.

साठीनंतर सुरू होणारा आमवात तर आणखी चकवतो. तो एकदम, आठ-पंधरा दिवसांतही येऊ शकतो. खांद्यासारख्या मोठ्या सांध्यांत जास्त दिसतो. या वयात पुरुषांचं प्रमाणही वाढतं. ताप, थकवा, वजन उतरणं सोबत असतं. ‘आजोबांचा खांदा धरलाय’ असं म्हणून तेल चोळण्यात महिने जातात. आणि तपासण्याही वयाने गोंधळ घालतात. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर ही रक्ततपासणी काही निरोगी म्हाताऱ्यांमध्येही पॉझिटिव्ह येते, तर काही खऱ्या रुग्णांमध्ये निगेटिव्ह. अँटी-सीसीपी ही तपासणी जास्त नेमकी, पण ती मुळात कुणाला सुचली पाहिजे. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत नेमकं औषध सुरू झालं तर सांधे वाचण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, हे आता जगभर मान्य आहे. आत्याचे तर 14 महिने गेले.

वयाचा आजारावर काहीच परिणाम होत नाही, असं माझं म्हणणं नाही. होतो, आणि भयंकर होतो. माझी तक्रार अशी आहे की जिथे वय मोजायला नको तिथे, म्हणजे निदान करताना, सगळे मोजतात. आणि जिथे मोजायलाच हवं तिथे, म्हणजे औषध देताना, हाडं, हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंड तपासताना, सगळे विसरतात.

आत्याचंच सांगते. डॉक्टरांनी वयावर ढकलल्यावर तिने ओळखीतल्या कुणाकडून तरी सांधेदुखीची पुडी आणली. पांढरट पावडर, नाव नाही, गाव नाही. तीन दिवसांत आत्या पुन्हा भाकरी थापायला लागली. घरात आनंदीआनंद. मीसुद्धा म्हणाले, बघा, इंग्रजी औषधांपेक्षा हे बरं. तीन दिवसांत अशी जादू करणारी पुडी बघितली की संधिवाताच्या डॉक्टरांना पहिला संशय स्टिरॉइडचा येतो. अशा बेनामी पुड्यांत ते मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी देशभर आहेत. ही जादूही जुनीच. 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचलं आणि अंथरुणाला खिळलेली ती बाई काही दिवसांत चालायला लागली. 1950 चं नोबेल त्याच कामासाठी. पण मोठे डोस लांबले की काय होतं तेही त्याच काळात कळलं. हाडं ठिसूळ होतात, साखर चढते, चेहरा सुजतो, जंतुसंसर्ग पाठ सोडत नाही. आणि पुडी एकदम बंद केली तर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, त्याने माणूस कोसळू शकतो. आत्या सात महिने ती पुडी खात होती. त्यानंतरच्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून ती पडली आणि मनगट मोडलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘या वयात हाडं कच्चीच असतात.’

नाही हो काकू. हाड मोडण्याचा पुढच्या दहा वर्षांतला धोका मोजायचं फ्रॅक्स नावाचं एक साधन आहे. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर अशी माहिती भरायची की आकडा येतो. त्यात आमवातासाठी वेगळा रकाना आहे आणि स्टिरॉइडसाठी आणखी वेगळा. म्हणजे या दोन गोष्टी वयाशिवाय, वयाच्या वर, हाडं पोखरतात. झिजेच्या संधिवाताला तिथे रकानाच नाही. हे फोनवर दोन मिनिटांत भरता येतं. आत्याची हाडांची घनता मनगट मोडल्यावर पहिल्यांदा मोजली गेली.

स्टिरॉइड म्हणजे विषच, असंही मला म्हणायचं नाही. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने युरोपातल्या सात देशांत झालेली ग्लोरिया नावाची एक चाचणी 2022 मध्ये प्रसिद्ध झाली. 65 वर्षं आणि त्यापुढच्या 451 रुग्णांना दोन वर्षं रोज 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन किंवा नुसती बिनऔषधी गोळी दिली. औषधवाल्यांचा आजार आटोक्यात राहिला, सांध्यांची नासाडी कमी झाली. मात्र ज्यांवर खास लक्ष ठेवलं होतं असे दुष्परिणाम त्यांच्यातल्या 60 टक्क्यांना झाले, दुसऱ्या गटात 49 टक्क्यांना, आणि हा फरक मुख्यतः जंतुसंसर्गाचा होता. व्यवहार काय आहे ते स्पष्ट आहे आणि रुग्णाला समजावून सांगता येतं. मला या चाचणीतल्या निकालाइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे की ती म्हाताऱ्या माणसांवर केली गेली. कारण बहुतेक औषधांच्या चाचण्यांत म्हातारे नसतातच. कधी वयाची अट आड येते, कधी मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड. म्हणजे औषध तपासायचं धडधाकट पन्नाशीच्या माणसावर आणि लिहून द्यायचं सत्तरीच्या, सहा गोळ्या आधीच चालू असलेल्या बाईला.

याचं ठसठशीत उदाहरण टोफासिटिनिब. पोटात घ्यायची गोळी, इंजेक्शनांच्या मानाने आपल्याकडे स्वस्त, म्हणून लोकप्रिय. ते बाजारात आलं 2012 मध्ये. मग अमेरिकी नियामकांच्या सांगण्यावरून 50 पुढच्या, हृदयविकाराचा निदान एक धोका असलेल्या चार हजारांवर रुग्णांत त्याची तुलना जुन्या इंजेक्शनांशी केली, तेव्हा हृदयविकार आणि कर्करोग दोन्ही थोडे जास्त दिसले. 2021 मध्ये अमेरिकेत ठळक इशारा छापला गेला, आणि युरोपने 65 पुढच्यांना दुसरा पर्याय नसेल तरच द्या असं सांगितलं. आपल्या घरातल्या चिठ्ठीवर हे औषध असेल तर ते बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा की हे लिहिताना वय धरलं होतं का.

मग मेथोट्रेक्सेट. या आजाराचं मुख्य औषध, स्वस्त आणि चांगलं. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, माणसं मेल्याच्या नोंदी आहेत. आणि चिठ्ठी कुठल्या भाषेत? इंग्रजीत, वर डॉक्टरी अक्षरात. सातवी शिकलेली माझी आत्या ती कशी वाचणार? आमच्याकडे आता पाकिटावर मार्करने ‘फक्त रविवार’ लिहिलेलं आहे. ते मी लिहिलं. ते काम माझं नव्हतं.

हे औषध बाहेर पडतं मूत्रपिंडातून, आणि मूत्रपिंड वयाबरोबर मंदावतं. आत्या 68 ची असताना तिचं क्रिएटिनिन 1.0 होतं. लॅबच्या कागदावर नॉर्मल, ठळक अक्षर नाही, बाण नाही. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून, आणि आत्याच्या अंगावर स्नायू उरलेत कुठे? 45 किलो वजन. वय, वजन धरून जुन्या सूत्राने हिशेब केला तर मूत्रपिंडाचा वेग मिनिटाला 38 मिलिलिटरच्या आसपास येतो. निरोगी तरुणाचा शंभरच्या पुढेमागे असतो. म्हणजे नॉर्मल रिपोर्टखाली निम्म्याहून कमी मूत्रपिंड. पुण्यातल्या संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंनी हा हिशेब माझ्यासमोर पॅडच्या कोपऱ्यात केला आणि डोस खाली आणला. इतकी वर्षं ‘वय, वय’ ऐकत होते. वयाचा खरा उपयोग करताना मी पहिल्यांदा कुणाला पाहिलं.

हृदयाचंही असंच. आमवाताच्या रुग्णाला हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट असतो, इतका की युरोपातल्या तज्ज्ञांची सूचना आहे, नेहमीच्या तक्त्यातून आलेला धोका दीडने गुणा. वरून एक फसवणूक. दाह जोरात असला की कोलेस्टेरॉल खाली येतं. रिपोर्ट छान दिसतो आणि आतल्या रक्तवाहिन्या बिघडत असतात. फुप्फुसांचा चिवटपणा वाढून धाप लागते, तीही ‘जिना चढताना या वयात लागायचीच’ म्हणून सोडून दिली जाते. यातलं बरंच काही म्हातारपणाने आजारावर लादलेलं नसून आजाराने माणसावर लादलेलं म्हातारपण असतं. कॉर्नेलिया वेयंड आणि यॉर्ग गोरॉन्झी यांच्या गटाने 2000 च्या सुमारास दाखवलं की आमवाताच्या तरुण रुग्णांच्याही टी-पेशी, म्हणजे संरक्षणाच्या पेशी, वयाच्या मानाने म्हाताऱ्या झालेल्या असतात. तेव्हा ‘वय झालं म्हणून आजार’ हे वाक्य निदान काही वेळा उलटं वाचायला हवं.

‘एवढ्या वयात कशाला कडक औषधं? थोडं दुखणं सहन करायचं.’ हे प्रेमानेच म्हटलं जातं, आणि आमच्या घरातही म्हटलं गेलं. ज्येष्ठ रुग्णांना मूळ आजारावरची औषधं कमी मिळतात आणि स्टिरॉइड-पेनकिलर जास्त, हे देशोदेशीच्या नोंदींत दिसतं. म्हणजे कडक औषध नको म्हणून जे देतात तेच म्हाताऱ्या हाडांना, मूत्रपिंडांना, पोटाला सगळ्यात कडक. आणि आवरलेला दाह हृदयासाठी आणि हाडांसाठीही चांगला. नीट डोस, नीट तपासण्या, फ्लू-न्यूमोनियाच्या लशी, क्षयाची तपासणी करून मग इंजेक्शनं, हे सत्तरीतही करता येतं. खर्च येतो, हे खरं.

खर्चावरून आठवलं. ऑक्टोबर 2024 पासून 70 पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारतचं 5 लाखांचं संरक्षण आहे. चांगलं झालं. आत्याचं कार्डही काढलं. पण ते आहे रुग्णालयात दाखल होण्यासाठी. आमवात हा बाह्यरुग्ण विभागातला आजार. दर महिन्याच्या गोळ्या, दर दोन-तीन महिन्यांनी रक्त, वर्षाकाठी चार वेळा कराड-पुणे. त्याला त्या कार्डातून दमडी नाही. खुबा मोडला, न्यूमोनिया झाला, तर मिळेल. मोडू नये म्हणून जे करायचं ते खिशातून आणि मोडल्यावरचं सरकारकडून, ही कुठली आरोग्यनीती? 2010 च्या राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग कार्यक्रमाच्या नावातच कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात होते. संधिवात त्या नावातही नव्हता. त्याने माणूस पटकन मरत नाही ना.

इथे कुणीतरी हमखास रेनवारचा फोटो पाठवतं. फ्रेंच चित्रकार, पन्नाशीच्या सुमारास आमवात, बोटं पंजात वळलेली, तरी 1919 मध्ये 78 व्या वर्षी मरेपर्यंत रंगवत राहिला. 1915 ची एक छोटी फिल्मही आहे, त्यात त्या वाकड्या हातातला ब्रश दिसतो. मला ती बघवत नाही. त्याच्या जिद्दीला नमस्कार, पण हातात ब्रश अडकवून द्यायला माणसं होती, चाकाची खुर्ची ढकलायला माणसं होती, दक्षिणेच्या उन्हात बागेचं घर होतं, आणि औषध नव्हतं. आत्याच्या काळात औषध होतं. तिला रेनवार व्हायची काहीच गरज नव्हती.

आत्या आता 71 ची आहे. आजार आवरलाय. सकाळची आखडण वीस मिनिटांवर आली. उजव्या हाताची बोटं मात्र करंगळीकडे कलली ती कललीच. गेलेल्या 14 महिन्यांचं तेवढं राहिलं. भाकरी आई थापते. आत्या शेजारी पाटावर बसून पीठ किती मळलं पाहिजे ते सांगते आणि आईला ते अजिबात आवडत नाही.

गेल्या महिन्यात आईने लोणच्याच्या बरणीचं झाकण मला उघडायला दिलं. मी लगेच विचारलं, सकाळी बोटं किती वेळ आखडतात? ‘पाचेक मिनिटं.’ हात बघितले. गाठी होत्या त्या शेवटच्या पेरांवर, नखांजवळ. बोटांच्या मुळाशी काही नाही, सूज नाही. ही झीजच असणार, म्हणजे खरंच वयाची. तरी मी तिला घेऊन गेले आणि अँटी-सीसीपी करून घेतली. ‘उगीच पैसे घालवतेस,’ ती वाटभर बोलत होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो आत्याच्या फाइलच्या मागे लावून ठेवलाय.